ठाणे, एप्रिल १३२१ : शेवटचे तीस तास

होर्मुझहून निघालेल्या गलबताने पाच परदेशी साधूंना कोल्लमला न नेता ठाण्याला आणून सोडलं. त्यांना इथे यायचंच नव्हतं. कोल्लमहून पुढे चीन गाठायचा, असा त्यांचा बेत होता. खानबालिक म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये फ्रान्सिस्कन पंथाचा जॉन ऑफ माँटेकोर्विनो आर्चबिशप होता आणि तिथे माणसांची गरज होती.

पाचांपैकी चौघे फ्रान्सिस्कन. तोलेन्तिनोचा थॉमस सर्वांत वडील, साठीच्या घरातला. दारिद्र्यव्रत काटेकोरपणे पाळलं पाहिजे, या हट्टापायी त्याने तरुणपणी इटलीत आपल्याच पंथाच्या वरिष्ठांचा तुरुंगवास भोगला होता. सुटल्यावर तो आर्मेनियात गेला. १३०७ साली माँटेकोर्विनोच्या पत्रांची हकिकत घेऊन तो खुद्द पोपसमोर उभा राहिला होता. दुसरा पादुआचा जेम्स, तिसरा सिएनाचा पीटर. चौथा तिफ्लिसचा दिमित्री. तो धर्मगुरू नव्हता, साधा बंधू होता, पण पूर्वेकडच्या भाषा त्याला येत असल्याने इतर तिघांची जीभ तोच होता. पाचवा डॉमिनिकन पंथाचा, जॉर्डानस नावाचा फ्रेंच. पुढे हा बिशप झाला. या दिवसांत मात्र तो ठाण्यात नव्हता. सोपाऱ्यावरून भडोचच्या बाजूला काही लोकांना बाप्तिस्मा देण्यासाठी गेला होता, म्हणून वाचला.

हा घटनाक्रम आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः दोघांमुळे. एक जॉर्डानस, त्याने त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला गुजरातेतल्या घोघ्याहून पत्र लिहिलं. दुसरा पोर्देनोनेचा ओदोरिक; तो दोन-तीन वर्षांनी ठाण्यात उतरला, लोकांकडून हकिकत ऐकली आणि १३३० मध्ये पादुआत ती लिहवून घेतली. ओदोरिकच्या सांगण्यात चमत्कार आहेत, त्यांच्याविषयी ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावं. पण त्याने दिलेले प्रहर एकमेकांशी जुळतात. तो प्रार्थनेच्या वेळांनी दिवस मोजतो. ते घड्याळाच्या तासांत मांडले की असं दिसतं.

उरले सुमारे तीस तास. संध्याकाळ.

ठाण्यात तेव्हा ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. ती रोमच्या पोपला मानणारी नव्हती; इराण-इराकच्या पूर्वेकडील मंडळीला, म्हणजे नेस्तोरियन म्हटल्या जाणाऱ्या परंपरेला मानणारी होती. कोकणात ही परंपरा फार जुनी. सहाव्या शतकातल्या कॉस्मास नावाच्या ग्रीक प्रवाशाने 'कल्लियाना' या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असतो, अशी नोंद केली आहे आणि हे बंदर म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे या घटनेआधी सातआठशे वर्षं ख्रिस्ती माणूस या खाडीकाठी राहत होता, व्यापार करत होता. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचायला हवं.

या पंधरांपैकी एका घरात चौघे साधू उतरले होते. त्या संध्याकाळी घरधनी आणि त्याची बायको यांच्यात भांडण जुंपलं. नवऱ्याने बायकोला बेदम मारलं. पाहुणे घरातच होते.

उरले सुमारे सतरा तास. सकाळ.

ती बाई गप्प बसली नाही. उजाडल्यावर ती काझीकडे गेली आणि तिने नवऱ्याविरुद्ध फिर्याद मांडली. काझीने विचारलं, पुरावा काय? ती म्हणाली, आमच्या घरी चार फिरंगी साधू आहेत, त्यांनी पाहिलंय, त्यांना विचारा.

चौदाव्या शतकातली एक ख्रिस्ती बाई मुसलमान काझीच्या दारात नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन जाते आणि काझी ती ऐकून घेतो, साक्षीदार मागतो. त्या शहराचा रोजचा व्यवहार कसा चालत असेल, हे या एका प्रसंगातून कळतं. निराळ्या धर्माची म्हणून तिला कोणी हाकलून दिलं नाही.

पण तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. त्याने काझीला सुचवलं, की हे साधू मोठे विद्वान आहेत, त्यांना शास्त्र चांगलं ठाऊक आहे. त्यांना बोलावून धर्मावर वाद करावा. काझीने बोलावणं धाडलं. थॉमस, जेम्स आणि दिमित्री निघाले. सामानावर लक्ष ठेवायला पीटर मागे राहिला.

साक्षीसाठी आलेल्या माणसांपुढे विषय निघाला तो येशू देव की माणूस. फिर्याद बाजूला पडली ती पडलीच. त्या बाईचं नाव कोणी लिहिलं नाही आणि तिला न्याय मिळाला की नाही, याची कोणाला फिकीर वाटली नाही, ओदोरिकलाही नाही. साधूंच्या मृत्यूची कथा सांगणाऱ्या सगळ्यांनी तिला निमित्त म्हणून वापरलं आणि सोडून दिलं. मला हा त्या दिवसाचा पहिला अन्याय वाटतो.

वाद रंगला. साधूंनी आपलं म्हणणं मांडलं, काझीने आपलं. मग काझीने विचारलं, आमच्या पैगंबरांविषयी तुमचं मत काय? सुरुवातीला साधूंनी उत्तर टाळलं. आमच्या श्रद्धेविषयी आम्ही सांगितलं, तेवढं पुरे आहे, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. लोक हटले नाहीत. पुन्हा तोच प्रश्न आला. आता थॉमसने उत्तर दिलं आणि ते ऐकणाऱ्यांच्या श्रद्धेवर थेट घाव घालणारं होतं. ते शब्द इथे उतरवण्याची गरज नाही. ज्याने स्वतःच्या पंथातही कधी तडजोड केली नाही, तो इथे करेल, ही अपेक्षाच नव्हती. त्याच्या धैर्याविषयी आदर ठेवूनही म्हणावंसं वाटतं, की त्या क्षणी गप्प राहणं हाही त्याच्या धर्माला धरून असलेला मार्ग झाला असता आणि मिनिटभरापूर्वी त्याने स्वतः तोच धरला होता.

जमावातून एकच आवाज उठला : याला मारा.

उरले पंधरा तास ते उरले नऊ. सकाळी नऊ ते दुपारी तीन.

तिघांना बांधून उन्हात उभं केलं. डोक्यावर काही नाही. ओदोरिक लिहितो, की इथे एक मिस्सा होईस्तोवर कोणी उघड्या डोक्याने उन्हात थांबला तर तो मरतोच. हे वाढवून सांगितलेलं असेल, पण एप्रिलातलं ठाणं ज्याने अनुभवलंय तो त्याला फारसं खोटं म्हणणार नाही. शिवाय तेव्हाच्या पंचांगातला एप्रिल आजच्या मानाने आठ दिवस पुढे होता, म्हणजे वैशाखवणवा अगदी दारात आलेला.

सहा तास ते तसे राहिले. प्रार्थना म्हणत राहिले. तीन वाजता ते जिवंत होते.

या सहा तासांत काय घडू शकलं असतं, याचा विचार मनातून जात नाही. जमाव पांगू शकला असता. सकाळचा राग दुपारपर्यंत निवलाही असता. पण रागावलेली माणसं सहा तास तिथेच थांबली आणि उन्हाने काम केलं नाही म्हणून आणखी चिडली.

उरले सुमारे नऊ तास. मैदान.

शहराच्या मैदानात मोठा जाळ पेटवला गेला. तुमचा धर्म खरा असेल तर तुम्ही जळणार नाही, असं आव्हान. थॉमस पुढे झाला. पण जमावातले काही म्हणाले, हा म्हातारा आहे, याच्या अंगावर काही मंत्रतंत्र असेल, याला नको. मग जेम्सला आगीत ढकललं. ओदोरिकच्या सांगण्याप्रमाणे तो न होरपळता बाहेर आला. दुसऱ्यांदा त्याचे कपडे उतरवले, अंगाला तेल फासलं, आग आणखी वाढवली. तरीही तो वाचला.

हा चमत्कार मानायचा की नाही, हे मी वाचकावर सोडते. घटनाक्रमाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की आगीनंतरही तिघे जिवंत होते आणि इथे जमावातले काही लोक बदलले. हे लोक पवित्र आहेत, यांना इजा करू नये, असं म्हणणारे निघाले.

आणि इथे शहराचा अधिकारी, मलिक, पुढे आला.

उरले सुमारे पाच तास. दिवेलागणीनंतर.

मलिक कोणाचा माणूस होता, हे पाहायला हवं. देवगिरीच्या यादवांचं राज्य १३१८ मध्ये पुरतं बुडालं होतं. त्यानंतर दोनच वर्षांत दिल्लीत खिलजी घराणं गेलं आणि सप्टेंबर १३२० मध्ये गियासुद्दीन तुघलक गादीवर आला. म्हणजे ठाण्यातली सत्ता नवी आणि दिल्लीतला धनीही नवा. अशा जागी बसलेल्या अंमलदाराचा पाय नेहमी डळमळीत असतो.

तरी त्या संध्याकाळी त्याने योग्य तेच केलं. तिघांना बोलावून तो म्हणाला, की तुम्ही भली माणसं आहात हे मला दिसतंय, पण काझी तुमच्या जिवावर उठला आहे. लगेच इथून निघून जा. त्याने त्यांना होडीने खाडीपलीकडच्या वस्तीत पोचवलं. ठाण्याला खाडीने वेढलंय. पलीकडे एका हिंदू घरात त्यांना आसरा मिळाला. त्या घरमालकाचंही नाव इतिहासात नाही. शहरात दिवसभर काय चाललं होतं, हे पलीकडच्या काठाला कळलं नसेल असं मानणं कठीण. तरीही त्याने दार उघडलं.

थॉमस, जेम्स आणि दिमित्री वाचले होते. पुढचा अर्धा दिवस असाच गेला असता तर आज ही कथा कोणाला माहीतही नसती.

उरले सुमारे तीन तास. रात्र.

काझी मलिककडे आला. हे लोक असे सुटून गेले तर सगळे त्यांच्या मागे लागतील, आपला धर्म बुडेल, असं त्याने सांगितलं. मलिकने काय उत्तर दिलं? जे तुला योग्य वाटेल ते कर.

मलिकला सत्य ठाऊक होतं. साधू निर्दोष आहेत, हे त्याने स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगितलं होतं. संध्याकाळी माणसं वाचवायची आणि रात्री ती दुसऱ्याच्या हवाली करायची, हे अज्ञानातून झालेलं नाही. त्याच्या हातात सैन्य होतं, कायदा होता, दिल्लीचा शिक्का होता. त्या सगळ्या दिवसात निर्णय घेण्याची खरी ताकद असलेला तो एकटा माणूस होता आणि त्याने ती वापरली नाही. म्हणून या हत्येत सर्वांत मोठा दोष मी जमावाचा नाही, काझीचाही नाही, मलिकचा मानते.

चार हत्यारबंद माणसं होडीने पलीकडे निघाली. तोवर अंधार पडला होता, साधू कुठे उतरलेत ते त्यांना सापडेना. इकडे शहरात मलिकने सगळ्या ख्रिस्ती लोकांना पकडून कोंडलं. सातशे वर्षांची शेजारधर्माची वीण एका रात्रीत उसवली.

मध्यरात्र.

रोजच्या नेमाप्रमाणे साधू मध्यरात्रीच्या प्रार्थनेला उठले. त्यांच्या आवाजाने त्यांचा ठावठिकाणा कळला. ते झोपून राहिले असते तर कदाचित सकाळपर्यंत कोणाला सापडले नसते. पण मध्यरात्री उठणं हा त्यांच्या आयुष्याचा नेम होता आणि तो मोडण्याचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं.

चौघांनी त्यांना वस्तीबाहेर एका झाडाखाली नेलं. आणि मग मारेकरी बोलू लागले. ते म्हणाले, की तुम्हाला मारायची आमची इच्छा नाही, तुम्ही चांगली माणसं आहात. पण हुकूम पाळला नाही तर आमचा आणि आमच्या बायकामुलांचा जीव जाईल. साधूंनी त्यांना सांगितलं, की तुम्हाला जे सांगितलंय ते करा.

ज्याला ही कथा दोन धर्मांच्या वैराची म्हणून सांगायची असेल त्याने हे झाडाखालचं बोलणं गाळून दाखवावं. मुसलमान अंमलदाराने सोडलं, हिंदू घराने आसरा दिला, मुसलमान शिपायांनी माफी मागत तलवार उचलली. हे सगळं खुद्द ख्रिस्ती साधूनेच लिहून ठेवलंय.

आधी थॉमस, मग जेम्स, मग दिमित्री. तिघांचीही डोकी धडावेगळी झाली.

ओदोरिक म्हणतो, की त्या क्षणी चंद्र आधी लख्ख उजळला आणि मग एकाएकी काळोख झाला, विजा चमकल्या. चंद्राविषयी एक गोष्ट मात्र हिशेबाने सांगता येते. तारीख चर्चच्या परंपरेत ९ एप्रिल १३२१, गुरुवार, झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीचा. त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला होता. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणून हा आठवडा शुक्ल पक्षाचा. पौर्णिमेला तीन-चार दिवस उरलेले, मध्यरात्रीला चंद्र चांगला मोठा आणि पश्चिमेकडे झुकलेला. पहाटेआधी तो मावळणारच. खाडीकाठी उभ्या असलेल्या माणसांनी आधी उजेड आणि मग अंधार पाहिला असेल, हे खगोलालाही मान्य आहे.

त्यानंतरचे दोन दिवस.

सामान राखायला मागे राहिलेला पीटर शहरातच सापडला. त्याला धर्म बदलण्यासाठी आमिषं दाखवली, मग छळलं, मग झाडाला टांगलं. त्याने ऐकलं नाही. त्याला कंबरेतून कापून मारलं. परंपरा त्याचा मृत्यू ११ एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी मानते.

त्यानंतर.

जॉर्डानसला वाटेतच बातमी कळली. तो उलटा फिरला, पण उशीर झाला होता. ठाण्यात त्याला एक तरुण जिनोव्हाचा माणूस भेटला. त्याच्या मदतीने त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या सेंट थॉमसच्या चर्चमध्ये पुरले. शूर्पारक म्हणजे सोपारा. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बौद्ध स्तूप उकरून काढला, ते हेच गाव.

मग तो एकटा या किनाऱ्यावर राहिला. चार सोबती गेलेले, भाषा अर्धवट, संरक्षण शून्य. दुसऱ्या पत्रात तो आजारपण, तुरुंग आणि शिव्याशाप यांचं वर्णन करतो आणि तरीही आणखी माणसं पाठवा, असं लिहितो. पळून जाण्याची वाट त्याच्यापुढे उघडी होती. तो गेला तेव्हा पळून गेला नाही, युरोपात जाऊन परत यायच्या तयारीने गेला. त्याने लिहिलेल्या भारतवर्णनाच्या पुस्तकात फणस आणि आंबा आहेत, पारशांनी छप्पर नसलेल्या मनोऱ्यात ठेवलेले मृतदेह आहेत, या किनाऱ्याच्या उन्हाचं वर्णन आहे. आपल्या माणसांच्या खुनाने त्याची नजर कडवट झाली नाही.

ओदोरिक आला तेव्हा त्याने सोपाऱ्याची कबर उकरून अस्थी घेतल्या आणि कोल्लममार्गे त्या चीनच्या झैतून बंदरात, आजच्या क्वानझोउत, फ्रान्सिस्कनांच्या मठात नेऊन ठेवल्या. थॉमसला जिवंतपणी तिथे पोचायचं होतं. त्याच ओदोरिकने मलिकचाही शेवट लिहून ठेवला आहे : दिल्लीच्या सुलतानाने त्याला बोलावून देहदंड दिला आणि काझी पळून गेला. दिल्लीला आपल्या अंमलदाराने निर्दोष माणसं मारू दिलेली चालली नाहीत, असा त्याचा अर्थ.

९ ऑगस्ट १३२९ रोजी अविन्योंहून पोप बाविसावा जॉन याने कोल्लम हा भारतातला पहिला लॅटिन धर्मप्रांत स्थापन केला आणि त्याच महिन्यात जॉर्डानसला त्याचा बिशप नेमलं. ख्रिस्ती परंपरा सांगते, की पुढे त्यालाही याच किनाऱ्यावर दगडांनी ठार मारलं गेलं. थॉमसच्या नावाने होणाऱ्या पूजेला पोप तेरावा लिओ याने १८९४ मध्ये मान्यता दिली.

नालासोपाऱ्याला स्तूप पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाला माझं सांगणं एवढंच आहे : त्याच गावच्या मातीत कधीकाळी चार परदेशी साधूंना एका मित्राने स्वतःच्या हाताने पुरलं होतं, आणि त्यांच्या मारेकऱ्यांपैकी चौघांनी त्यांची आधी क्षमा मागितली होती. या दोन्ही गोष्टी सोबत ठेवूनच ही कथा पुढे सांगावी.